लेकीबरोबर विश्वासात वाढताना: कॅथलिक आयांसाठी पायरीपायरीने वाट

वसईतल्या घरात मुलगी तिसरी-चौथीत असेपर्यंत धर्माच्या बाबतीत आईला फारसा त्रास नसतो. पहिल्या कम्युनियनचा (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा) पांढरा फ्रॉक, हातातली मेणबत्ती, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या प्रार्थना, सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग सातवी-आठवी येते. रविवारी सकाळी "ऊठ गं, पहिली घंटा झाली" म्हटलं की "मी संध्याकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाईन" असं उत्तर मिळतं, आणि संध्याकाळी ट्युशन असते. रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी नेमकं पोट दुखतं. आई ओरडते, आजी मध्ये पडते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

हा लेख अशा आयांसाठी आहे. लेक साधारण आठ ते अठरा वर्षांची आहे असं धरून चालले आहे. शेवटी परदेशी गेलेल्या लेकींसाठीही थोडं लिहिलं आहे. डोळ्यांसमोर आहेत ती वसई-विरार पट्ट्यातली मराठी बोलणारी कॅथलिक घरं: सामवेदी, वाडवळ, कोळी. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरात किंवा गोव्यात रीतिभाती थोड्या वेगळ्या असतील, आठवीतली मुलगी मात्र तशीच असते.

माझं मत आधीच सांगून टाकते. आईने घरात लेकीची धर्मशिक्षिका होणं सोडून द्यावं. शिकवायला रविवारचा वर्ग आहे, सिस्टर आहेत, फादर आहेत. घरात तिला आपल्याबरोबर प्रार्थना करणारी, अडखळणारी, पुन्हा सुरू करणारी बाई दिसायला हवी. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि आईवडिलांनी शब्दाने व उदाहरणाने मुलांना विश्वासाची पहिली ओळख करून द्यावी असं सांगितलं. शब्दांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. पुढच्या पायऱ्या उदाहरणाच्या बाजूने जास्त आहेत.

पायरी १: लेकीला काही सांगण्याआधी आपलं घर तपासा

पहिले दोन आठवडे लेकीला काहीही सांगू नका. मिस्सेवरून टोकणं बंद, "अमक्याची मुलगी बघ, वाचन करते" बंद, देवाच्या नावाने भीती घालणं तर कायमचं बंद. या दिवसांत फक्त स्वतःकडे पाहा: कोणी बघत नसताना मी प्रार्थना करते का? केव्हा? की माझी प्रार्थना म्हणजे सकाळी ग्रुपवर आलेलं फुलांचं चित्र पुढे ढकलणं?

मग एकच छोटी सवय धरा. सकाळचा चहा उकळेपर्यंत खिडकीपाशी उभं राहून पाच मिनिटं शांत प्रार्थना, एवढीही चालेल. ती लेकीच्या नजरेस पडेल अशा जागी करा, दाखवण्यासाठी मात्र करू नका. मुलींना हा फरक लगेच कळतो.

संत अॅना, म्हणजे पवित्र मरियेची आई, तिची अनेक जुनी चित्रं आहेत. त्यांत ती छोट्या मरियेला वाचायला शिकवताना दिसते: पुस्तक मांडीवर, दोघींची डोकी त्यावर वाकलेली. बायबलमध्ये अॅनाचं नावही नाही. ती आपल्यापर्यंत परंपरेतून आली. तरी मायलेकींसाठी मला हेच चित्र सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात आई लेकीकडे पाहत नाही. दोघी पुस्तकाकडे पाहतात. अॅना आणि योआकीम यांचा सण २६ जुलैला येतो. त्या दिवशी आजीलाही सोबत घ्या.

पायरी २: आठवड्यातला एक तास दोघींचा

शनिवारची संध्याकाळ बहुतेक घरांना जमते. वार तुम्ही ठरवा, पण एकदा ठरला की पाहुणे आले म्हणून मोडू नका. बाबांना आणि भावंडांना सांगून ठेवा की हा तास या दोघींचा. बाबांचा तास वेगळा असावा, आणि तोही असावाच.

या तासाचे नियम लेकीबरोबर बसून ठरवा. माझ्या यादीत एवढे असतील: मार्कांचा विषय नाही, कपड्यांचा विषय नाही, फोन दुसऱ्या खोलीत, आणि लेकीने या तासात जे सांगितलं ते आई नंतर भांडणात वापरणार नाही. शेवटचा नियम आईने एकदा मोडला की तास संपलाच म्हणून समजा. मग महिनाभर तुम्हाला फक्त "हं" आणि "नाही" ऐकू येईल.

समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नका, ती मुलाखत होते. शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता, सोनचाफ्याच्या कळ्या निवडताना, चर्चपर्यंत चालत जाताना बोलणं सोपं जातं. हात गुंतले की जीभ सैल होते. पहिले काही आठवडे देवाबद्दल एक शब्दही निघाला नाही तरी चालू ठेवा.

पायरी ३: रोझरी, पण एका दशकापासून

संपूर्ण रोझरी म्हणजे पाच दशकं. शांतपणे म्हटली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेरा वर्षांच्या मुलीला रोज गुडघ्यावर बसवून ती म्हणवून घेण्यापेक्षा दोघींनी मिळून एक दशक नीट म्हणावं. एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा 'नमो मरिया', एक 'पित्याला गौरव'. चार मिनिटांत होतं.

दशक कुणासाठी म्हणायचं हे आधी ठरवा, आणि ते ठरवण्याचा मान आळीपाळीने घ्या. एके दिवशी लेक म्हणेल, "वर्गातल्या त्या मुलीसाठी, तिचे पप्पा गेले." वर्गात काय चाललंय हे तुम्हाला एरवी कधी कळलं असतं? तुमची पाळी आली की तुम्हीही खरं सांगा. "बँकेच्या हप्त्याची काळजी वाटतेय, त्यासाठी" हे लेकीसमोर बोलायला हरकत नाही. आईलाही मागावं लागतं हे तिने पाहू द्या.

प्रत्येक दशकाबरोबर येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. रहस्यांचं वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे. सोमवार आणि शनिवार आनंदाची, मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, बुधवार आणि रविवार गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. आजीच्या जुन्या पुस्तकात ती नसतील, त्यावरून गुरुवारी घरात वाद होऊ शकतो. होऊ द्या. आजीला तिच्या पद्धतीने म्हणू द्या.

भाषेचा प्रश्न रोझरीतच पहिल्यांदा येतो. घरात कादोडी (सामवेदींची बोली) किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी, शाळेत इंग्रजी. लेकीला 'हेल मेरी' जिभेवर आहे आणि आजीला मराठी. पहिला अर्धा भाग एकीने तिच्या भाषेत आणि उरलेला अर्धा दुसरीने आपल्या भाषेत म्हटला तर मरियामाता नाराज होणार नाही. पण मराठी सुटू देऊ नका. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेजुइटाने १६१६ मध्ये येशूचं चरित्र ('क्रिस्तपुराण') मराठी ओव्यांत छापून घेतलं. त्यातल्या चार ओव्या मोठ्याने वाचून दाखवल्या की मराठी प्रार्थनेला 'गावठी' म्हणणारी लेक थोडी गप्प होते.

पायरी ४: बायबलमधल्या मायलेकी एकत्र वाचा

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की लेवीयच्या पुस्तकात दोघींचा धीर सुटतो. त्याऐवजी आई, मुलगी आणि वाढतं वय यांच्याशी थेट भिडणारे काही निवडक उतारे घ्या. मराठीतलं चांगलं वाचनीय भाषांतर हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घरात असू द्या. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे आणि ते मराठी सहज वाचता येतं.

पद्धत साधी. एकीने मोठ्याने वाचायचं, मिनिटभर गप्प बसायचं, मग दोघींनी एकेक वाक्य सांगायचं: मला यातलं काय टोचलं किंवा आवडलं. आईने स्पष्टीकरण द्यायचं नाही. लेकीने प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसेल तर "फादरना विचारू" म्हणायचं आणि खरोखर विचारायचं.

सुरुवात मार्कच्या पाचव्या अध्यायाने करा, एकविसाव्या ओवीपासून शेवटपर्यंत. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, वय बारा. येशू तिच्याकडे निघतो, वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचं दुखणं, मार्कने दोन्ही एकाच गोष्टीत गुंफलं आहे. तिच्या काळच्या नियमाप्रमाणे ही बाई अशुद्ध, तिचा स्पर्शही विटाळाचा. येशू तिला हाकलत नाही, सगळ्यांदेखत तिला 'मुली' अशी हाक मारतो. मग याईराच्या घरी जातो, बाकीच्यांना बाहेर काढतो, मुलीच्या आईवडिलांना मात्र आत घेतो, तिचा हात धरतो आणि म्हणतो, "तलीथा कूम", मुली, ऊठ. ती उठून चालू लागते, आणि त्यानंतर तो सांगतो की हिला काहीतरी खायला द्या.

लेकीची पाळी सुरू होण्याच्या सुमाराला हा उतारा वाचा. शेजारच्या घरांत, शाळेतल्या मैत्रिणींकडून तिच्या कानावर शिवाशिवीच्या गोष्टी पडत असतात, आणि तिच्या मनात प्रश्न असतो जो ती विचारत नाही: या दिवसांत मी चर्चमध्ये जायचं का, कम्युनियन घ्यायचं का? तुम्हीच न विचारता सांगा की चर्चचा असा कुठलाही नियम नाही. मिस्सेला जायचं, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, वाचन असेल तर वाचन करायचं. पोट दुखत असेल तर मागच्या बाकावर बसायचं. या कथेतला येशू रक्ताला घाबरत नाही, हे बारा वर्षांच्या मुलीने आईच्या तोंडून ऐकलं तर ते जन्मभर पुरतं. आणि ते शेवटचं 'खायला द्या' विसरू नका. कथा संपल्यावर तिला आवडेल ते काहीतरी करून घाला.

दुसरा उतारा लूकच्या दुसऱ्या अध्यायातला. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, आईवडील तीन दिवस शोधत फिरतात. सापडल्यावर मरिया म्हणते की मुला, तू आमच्याशी असा का वागलास, तुझे वडील आणि मी किती कासावीस होऊन तुला शोधत होतो. त्याचं उत्तर त्यांना समजत नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. पवित्र कुटुंबातसुद्धा आईला मुलाचं बोलणं कळलं नाही! हा उतारा वाचल्यावर लेकीला विचारा: "माझं कुठलं बोलणं तुला कळत नाही?" उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवा.

मत्तयच्या पंधराव्या अध्यायातली कनानी बाई लेकीसाठी येशूच्या मागे लागते. शिष्य तिला घालवून द्यायला बघतात, येशूही आधी कठोर बोलतो, पण ती हटत नाही आणि शेवटी तिचा विश्वास मोठा ठरतो. या कथेत मुलगी एक शब्दही बोलत नाही. आई आपल्यासाठी एवढं भांडतेय हे त्या मुलीला माहीत असेल का, यावर दोघींनी बोलून बघा.

आणि लूकचा पहिला अध्याय, जिथे मरिया घाईघाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. मरिया कोवळी, अलीशिबा उतारवयाची. यातला व्यवहारी धडा आईने घ्यायचा आहे: प्रत्येक मुलीला आई सोडून दुसरी एक मोठी बाई लागते. गॉडमदर नुसती वाढदिवसाला केक आणायला नसते. तिला फोन करा, आणि लेक तिच्याकडे राहायला गेली तर "माझ्याबद्दल काय बोललात" असं विचारू नका.

पायरी ५: रविवारची मिस्सा

शनिवारच्या तासात दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान एकदा वाचून ठेवा. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. नवं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं. आधी वाचलेलं कानावर पडलं की प्रवचनात लक्ष लागतं, आणि घरी येताना "फादरनी तो मुद्दा सोडलाच" असं लेक म्हणाली तर तुमचा दिवस सार्थकी लागला.

कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं; पाणी आणि औषध चालतं. म्हणजे सकाळी लवकर उठून चहा-बिस्किट घेतलं तरी बहुतेक वेळा नियम मोडत नाही. "उपाशी जायचं" म्हणून उगाच चक्कर आणवू नका.

कपड्यांवरून दारात भांडण नको. काय घालायचं ते शनिवारी रात्री ठरवा. स्लीव्हलेसवर तुमचं मत पक्कं असेल तर तेव्हाच सांगा, आणि एका गोष्टीवर तुम्ही माघार घ्या.

लेकीला काम मिळवून द्या: वाचन, गायनवृंद, लहान मुलांच्या वर्गात मदत. ज्या मुलीची चर्चमध्ये गरज आहे तिला उठवावं लागत नाही. आईही त्याच वेळी कुठे सेवा करत असेल तर उत्तमच, फक्त एकाच गटात नको. तिथे तिला कुणाचीतरी मुलगी म्हणून नाही, तिच्या नावाने ओळखलं जायला हवं.

पायरी ६: कन्फेशन, आणि आईने न विचारायचे प्रश्न

गंभीर पापांचं वर्षातून निदान एकदा तरी निवेदन करावं असं चर्च सांगतं. महिन्या-दोन महिन्यांतून जाण्याची सवय मुलीला लहानपणीच लागली तर ती भीती वाटेनाशी होते. जाताना बरोबर जा, रांगेत तुम्हीही उभ्या राहा. "तू जा, मी इथे बसते" म्हणणाऱ्या आईकडून लेक एवढंच शिकते की पापं मुलांची असतात.

बाहेर आल्यावर काय सांगितलंस, फादर काय म्हणाले, प्रायश्चित्त काय दिलं, यातलं काहीही विचारायचं नाही. कन्फेशनमधलं गुपित फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, आणि चुकून ज्याच्या कानावर पडलं तोही ते गुप्त ठेवायला बांधील असतो. आईही याला अपवाद नाही. तुमच्याच गावच्या फादरसमोर तिला अवघडल्यासारखं होत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात घेऊन जा. पुष्कळ मोठी माणसंही तेच करतात.

घरी रात्री संत इग्नेशियसच्या पद्धतीने दिवसाची उजळणी करता येते. दिवसभरात कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, कुठे चुकलं, उद्या काय वेगळं करायचं. अंथरुणावर पडल्या पडल्या पाच मिनिटं. आईने कधीतरी "आज मी तुझ्यावर विनाकारण ओरडले" असं तिथेच म्हणून टाकावं.

पायरी ७: वर्षाच्या सणांना हाताला काम द्या

सगळे सण सारखे साजरे करायला गेलात तर दमून जाल. तीन-चार निवडा.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लेकीने काय सोडायचं ते तिने ठरवावं. नियम असा: राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी उपास १८ ते ५९ वयाच्यांना लागू होतो आणि मांस वर्ज्य १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना. आपल्याकडे पूर्ण चाळीस दिवस मटण-कोंबडी बंद ठेवणारी घरं आहेत, चांगली गोष्ट आहे, पण त्या दिवसांत रोज पापलेट तळत असाल तर त्याला त्याग म्हणताना थोडं हसू येतं. मुलींच्या बाबतीत एक सांभाळा: उपवासाच्या नावाखाली वजन कमी करणं चाललेलं नाही ना? जेवण टाकणाऱ्या मुलीला इन्स्टाग्राम सोडायला सांगा, आणि तुम्ही सिरियल सोडा. वाचलेले पैसे एका डब्यात टाका आणि कुणाला द्यायचे ते दोघींनी ठरवा.

सप्टेंबरात मोतमाउली, म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरची मरियामाता. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला असतो आणि वांद्र्याची जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते. वसईहून लोकलने जायचं, टेकडी चढायची, मेणबत्ती लावायची. घराच्या, बाळाच्या, हातापायांच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू लोक नवसासाठी वाहतात ते पाहून लेक प्रश्न विचारेल, विचारू द्या. जत्रेतल्या बांगड्या आणि चणे हाही त्या यात्रेचाच भाग आहे. गर्दी नको असेल तर नोव्हेनाच्या नऊ दिवसांतला कामाचा वार पकडा.

२ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरस्तानात आजी-पणजीच्या कबरीवर फुलं ठेवताना त्यांच्या गोष्टी सांगा, पण नुसते गोडवे गाऊ नका. पणजी किती कजाग होती आणि तरीही तिची रोझरी एकदाही कशी चुकली नाही, हे ऐकायला मुलींना आवडतं.

आणि डिसेंबरात कुलकुल. मैद्याचं पीठ नारळाच्या दुधात भिजवून घट्ट मळायचं, बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि सोडवत गुंडाळायची, की वर रेघा उठलेली शिंपली तयार. पहिल्या वीस-पंचवीस वाकड्याच होतात. परातभर करायला दोन तास सहज जातात आणि त्या दोन तासांत पाचही दशकं म्हणून होतात. कुणी गुडघ्यावर नसतं, हाताला पीठ लागलेलं असतं, मध्येच कुणीतरी तेल बघायला उठतं. तळून झाल्यावर पहिला डबा कुणाच्या घरी द्यायचा ते लेकीला ठरवू द्या. तो नातेवाइकांकडे जायलाच हवा असं नाही.

पहिल्या कम्युनियनबद्दल एक कडू बोल. हॉल, डीजे, दोनशे पानं, लग्नासारखा मंडप हे सगळं आता आपल्याकडे सर्रास झालंय. मुलीला त्या दिवशीचं काय आठवतं तर केशरचना करताना टोचलेल्या पिना. त्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून, त्याच वर्षी आपल्या मुलीबरोबर कम्युनियन घेणाऱ्या पण फ्रॉक परवडत नसलेल्या मुलीसाठी फादरांकडे गुपचूप द्या. लेकीला बरोबर न्या.

पायरी ८: संतिणी ओळखीच्या करा, आणि एक पत्र लिहा

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) सुमाराला मुलगी एखादी संत निवडते. नाव ऐकायला छान आहे म्हणून निवडू देऊ नका, दोघींनी मिळून माहिती काढा. केरळच्या संत अल्फोन्सा, २००८ मध्ये संत घोषित झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री, तान्ह्या असतानाच आईला मुकल्या. लिजूची संत तेरेसा साडेचार वर्षांची असताना १८७७ मध्ये तिची आई झेली मार्टिन कर्करोगाने गेली. झेली फ्रान्समधल्या आलांसाँ गावात लेस विणण्याचा धंदा सांभाळणारी, मजूर बायकांना काम देणारी बाई होती. तिची दोनशेहून जास्त पत्रं उरली आहेत, आणि त्यांत छोट्या तेरेसाच्या हट्टीपणाबद्दल ती अगदी मोकळेपणाने लिहिते. झेली आणि तिचा नवरा लुई यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संत घोषित केलं गेलं.

इटलीच्या डॉक्टर संत जियान्ना मोला यांची कथा सांगताना मात्र जपा. पोटातल्या बाळासाठी त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला आणि १९६२ मध्ये बाळंतपणानंतर त्या गेल्या. कथा थोर आहे. पण "बघ, आया काय काय करतात" असा सूर लागला तर लेकीच्या खांद्यावर नुसतं ओझं बसतं. त्या डॉक्टर होत्या, डोंगर चढायच्या, स्कीइंग करायच्या, त्यांना चांगले कपडे आवडायचे, हेही सांगा.

झेलीचं पाहून तुम्हीही एक पत्र लिहा. दृढीकरणाच्या आदल्या रात्री लेकीच्या उशीखाली ठेवा. हाताने, मराठीत, एका पानात. उपदेश नको, तिच्या जन्मापासूनच्या दोन-तीन गोष्टी, तिच्यात तुम्हाला काय आवडतं, आणि तुमचा स्वतःचा विश्वास कधी डळमळला होता ते. लेक ते वाचून काही बोलणार नाही. पण ते पत्र पाकिटात नाहीतर बायबलमध्ये बरीच वर्षं राहतं.

पायरी ९: "मी नाही येणार" असं ती म्हणाली तर

बहुतेक घरांत हा दिवस येतो. अकरावी-बारावीत, नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षी. कधी कारण असतं शंका: वाईट माणसांचं चांगलं का होतं, बायका फादर का होत नाहीत. कधी गावातल्या कुणाच्या वागण्याचा राग असतो. आणि कधी फक्त झोप. आधी कुठलं कारण आहे ते ओळखा, कारण झोपेला धर्मशास्त्राने उत्तर देता येत नाही.

शंका असेल तर घाबरून जाऊ नका. तिला वाचायला द्या, धर्मशास्त्र शिकलेल्या एखाद्या सिस्टरशी किंवा फादरशी गाठ घालून द्या, आणि तुम्ही त्या खोलीत बसू नका. राग असेल तर आधी तो खरा आहे का ते पाहा. चर्चच्या आवारात कुणी तिच्याशी गैरवागलं असेल तर लेकीच्या बाजूने उभं राहणं आणि योग्य ठिकाणी तक्रार करणं हे आईचं पहिलं काम. गावात काय म्हणतील ते नंतर बघता येतं.

संत मोनिकेची आठवण इथे होतेच. मुलगा ऑगस्टिन भलत्या पंथात गेला तेव्हा ती एका बिशपकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याला वळवा म्हणून रडत बसली. बिशपने नकार दिला. त्याला सध्या राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, असं सांगितलं. मोनिकेने वर्षानुवर्षं तेच केलं. मला वाटतं त्या बिशपने मोनिकेइतकंच ऑगस्टिनलाही वाचवलं.

घरात करायचं एवढंच: तुमची मिस्सा चुकू देऊ नका, निघताना "मी निघाले गं" असं नेहमीच्या आवाजात सांगा, परतल्यावर टोमणा मारू नका. शनिवारचा तास मात्र बंद करू नका. मिस्सा आणि तो तास एकमेकांना बांधले तर दोन्ही एकदम जातील. लेक परधर्मातल्या मुलाच्या प्रेमात आहे असं कळलं तरी तास चालूच ठेवा. लग्नाचा विषय पक्का झाला तर अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते आणि ती मिळू शकते, ही माहिती तिला तुमच्याकडून मिळावी, मैत्रिणीकडून नको.

पायरी १०: लेक परदेशी गेल्यावर

वसईच्या किती मुली आखातात नर्स म्हणून, कॅनडात शिकायला गेल्या आहेत. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने जवळचं चर्च शोधलं का हे रोज विचारू नका. जायच्या आधीच इथे बसून दोघींनी नकाशावर शोधून ठेवा, मिस्सेच्या वेळा लिहून घ्या. आखातात अनेक ठिकाणी शुक्रवारी सुट्टी असल्याने रविवारची मिस्सा शुक्रवारी भरते, तेव्हा "रविवारी गेली नाहीस?" असं इथून दटावायची घाई करू नका.

फोनवरचं दशक जमतं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे आपल्याकडचे नऊ तिथले साडेसात. कुवेत अडीच तास मागे. आठवड्यातून एक वार ठरवा, व्हिडिओ बंद ठेवला तरी चालेल, कारण ती बसमध्ये असेल किंवा डोक्याला तेल लावत असेल. दशक आधी, गप्पा नंतर. उलटं केलं की दशक राहूनच जातं. फोन उचलला नाही तर तुम्ही एकटीने म्हणा आणि एक ओळ पाठवा: "तुझ्या भागाचं मी म्हटलं, पुढच्या वेळी माझं तू म्हण."